वीतभर कमी

टेप्याचं खरं नाव मैदानावर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं तेही त्या नावाने हाक मारत नव्हते. नव्या पोरांना वाटायचं, दारू चढली की याची टेप लागत असेल, तेच ते पुन्हा पुन्हा वाजत असेल, म्हणून टेप्या. तसंही व्हायचंच म्हणा. पण नाव त्याच्या कितीतरी आधीचं. सतराव्या वर्षी हा हर्डलच्या शर्यतीत पळायचा, आणि मैदानात हर्डल मांडायची वेळ आली की टेप न घेता पावलांनी अंतर मोजायचा. एक पाऊल म्हणजे एक मीटर. त्याचे सर मागून टेप लावून बघायचे. फरक निघालाच तर दोन बोटांचा. "टेप कशाला आणता रे, हा टेप्या आहे की," असं सर एकदा बोलून गेले, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

ज्यांनी ही शर्यत जवळून पाहिली नाही त्यांना वाटतं, पळायचं आणि मध्ये आलं ते ओलांडायचं, त्यात काय मोठंसं. अहो, तसं नसतं. एका रांगेत दहा लाकडी अडथळे, आणि प्रत्येक दोघांमध्ये अगदी सारखं अंतर. तेवढ्या जागेत तीनच ढांगा टाकायच्या आणि चौथ्याला उडी. हे तीनाचं गणित पळणाऱ्याच्या अंगात इतकं मुरलेलं असतं की तो खाली बघतच नाही. अंतर वीतभर इकडचं तिकडे झालं तर पाय थेट लाकडावर.

दहा वर्षं टेप्याचा पाय लाकडावर गेला नाही. पदकं मिळाली, पेपरात फोटो आले, पदकांच्या जोरावर एका गोदामात नोकरीही लागली. सकाळी सही करायची आणि पळायला निघून जायचं, अशी नोकरी. मग सत्ताविसाव्या वर्षी निवड चाचणीत सातव्या हर्डलला डावा गुडघा आपटला. आत जे काय तुटलं होतं ते डॉक्टरांनी जोडलं. "चालाल व्यवस्थित," ते म्हणाले, "पळायचं मात्र विसरा." आता कुणी कुणाला काय विसरायला सांगावं, याला काही धरबंध? हा सहा महिन्यांत गुडघ्यात सुई टोचून घेऊन पळायला लागला. सुईनंतर गोळ्या आल्या. गोळ्या पुरेनात तेव्हा गोळ्या आणि दारू, आणि गोळ्या मिळेनात तेव्हा नुसतीच दारू. "पाय झोपावा म्हणून घेतो," म्हणायचा. पाय झोपायचा, पाठोपाठ हाही झोपायचा, मग ते गोदाम असो की फूटपाथ. गोदामवाल्यांनी दोन वर्षं पदकांकडे बघून कळ काढली आणि मग हात वर केले.

एक गोष्ट मात्र त्याने शेवटपर्यंत सांभाळली. आपण लंगडतो हे त्याने कुणाला दिसू दिलं नाही. डावा पाय पूर्ण पुढे पडत नसे. मग हा सावकाश चालायचा, भिंतीच्या कडेने चालायचा, उभं राहायचं तर उजव्यावर. डाव्या बुटात टाचेखाली पुठ्ठ्याची घडी असे, आणि ती दर आठवड्याला बदलायची. अंगावरचा शर्ट महिनामहिना बदलायचा नाही, पण पुठ्ठा बदलणार! दारुडा म्हणा, भिकारी म्हणा, हा हसून दाखवायचा. एकदा कुणीतरी "ए लंगड्या" म्हणालं, तर त्याच्या अंगावर धावून गेला आणि दोन दात पाडून घेऊन परत आला.

त्याला जगात एकच माणूस होतं, ते म्हणजे ताई. त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी, इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला. दिवसभर उकळत्या पाण्यातल्या चादरी काढून तिचे हात कोपरापर्यंत लाल झालेले असत आणि स्वभावही तसाच, वाफाळलेला. नोकरी गेल्यावर टेप्या तिच्याकडे मागच्या खोलीत राहायला आला आणि बारा वर्षं राहिला. रोज संध्याकाळी ती विचारायची, "प्यालास?" हा म्हणायचा, "छे! थेंबही नाही." त्याच्या तोंडाचा वास तिला दारातच यायचा. तरी ती ताट वाढायची. मेहुण्यांनी अंथरूण धरलं तेव्हा दुपारी त्यांच्याजवळ बसायचं काम टेप्याकडे आलं. एका दुपारी यानं दूध गॅसवर ठेवलं आणि उंबऱ्यात बसून पीत राहिला. दूध उतू गेलं, ज्योत विझली, गॅस सुरूच. ताई नेमकी लवकर घरी आली म्हणून मेहुणे वाचले. तिनं खिडक्या उघडल्या, नवऱ्याला उठवून बसवलं, आणि भावाला हाताला धरून रस्त्यावर नेऊन सोडलं. "परत येऊ नकोस," म्हणाली. ओरडली नाही, हेच त्याला जास्त लागलं.

पुढची तीन वर्षं बसस्थानक, दुकानांच्या पायऱ्या, पुलाखालची कोरडी जागा. त्याचं वर्णन करत बसत नाही. सगळे दिवस एकसारखे होते आणि त्यातले निम्मे त्यालाही आठवत नाहीत. शेवटी रक्त ओकला तेव्हा लोकांनी उचलून इस्पितळात टाकला. तिथून व्यसनमुक्ती केंद्र, आणि केंद्रातून सुटल्यावर जायचं कुठे, तर जुन्या मैदानावर. मैदानाची देखभाल करणारे मामा त्याला पोरवयापासून ओळखत होते. त्यांनी व्यवस्थापक साहेबांची मनधरणी केली. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली हर्डल, जाळ्या आणि फक्कीची पोती ठेवायची एक खोली होती, तिच्यात खाट टाकून दिली. काम असं, की ट्रॅकवर पाणी मारायचं, फक्कीच्या रेघा ओढायच्या, सामान मांडायचं आणि उचलायचं. साहेबांनी एक कागद लिहून घेतला. त्यात होतं की पाय घसरला तर एकदा माफ, केंद्रात तीन आठवडे काढून यायचं आणि पुन्हा कामाला लागायचं. दुसऱ्यांदा घसरला तर खोली रिकामी करायची.

ताईला कळलं तेव्हा ती डबा घेऊन आली. वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला, काही आला नाही, तरी चेहरा हलला नाही. "शंभर दिवस," ती म्हणाली. "शेवटच्या घोटापासून धरून शंभर दिवस असाच राहिलास तर मागची खोली तुझी. एक दिवस चुकला तर पुन्हा एकपासून. मी विचारीन आणि तू खरं सांगशील."

त्या दिवसापासून टेप्याला दुसरं काही दिसेना. मागची खोली म्हणजे काय, एक खिडकी, एक खुंटी आणि पलीकडे ताईच्या भांड्यांचा आवाज. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला तेवढंच हवं होतं. मामा त्याला चिडवायचे, "काय रे, सासरी निघालास की काय, दिवस मोजतोयस तो!"

सत्त्याऐंशीव्या दिवशी शाळांच्या मुलींच्या शर्यती होत्या.

ट्रॅकवर त्याच आठवड्यात नवी माती पसरली होती, त्यामुळे हर्डलच्या जागा दाखवणाऱ्या जुन्या खुणा गाडल्या गेल्या होत्या. मामांनी सकाळी बजावलं, "टेप घेऊन मांड हो. साडेआठ मीटर. मी पाण्याच्या टाकीचं बघून येतो." टेप खोलीत खिळ्याला लटकत होती. टेप्या ती घ्यायला वळलाही होता. तेवढ्यात पांढरी टोपी घातलेला, गळ्यात शिट्टी अडकवलेला एक पंच पायऱ्यांपाशी आला. हा पंच म्हणजे टेप्याच्या काळातला पळणारा. आयुष्यभर टेप्याच्या मागे दुसरा आला होता, आणि आता पोट सुटून, घरदार करून, नातवंडांचे फोटो खिशात घेऊन फिरत होता.

"अरे टेप्या!" पंच म्हणाला. "जिवंत आहेस! अजून पावलांनी मोजतोस की नाही?"

वाईट हेतू नव्हता हो त्याचा. पण टेप्याच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. तो म्हणाला, "मग काय! माझं पाऊल कुठे गेलंय?"

आणि टेप खिळ्यालाच राहिली. आठ पावलं आणि एक अर्धं, हर्डल. आठ पावलं आणि एक अर्धं, हर्डल. एक रांग मोजली, बाकीच्या लेनमध्ये दोरी धरून ओळ जुळवली. पंच बघत उभा होता. मांडून झाल्यावर अंतर तपासायचं काम खरं त्याचं, पण त्याने हसत हसत कागदावर सही ठोकली. "तुझं माप मी काय तपासणार, बाबा!" शर्यतींना आधीच उशीर झाला होता, म्हणून सरावाची फेरीही गाळली.

शिट्टी झाली. पहिलं हर्डल सगळ्या मुलींनी ओलांडलं. दुसऱ्याला दोघी अडखळल्या. तिसऱ्याला तीन हर्डल एकदम आडवी झाली. चौथ्याला मधल्या लेनमधली उंच मुलगी, सगळ्यांच्या पुढे असलेली, लाकडावर छातीनेच आपटली आणि हातावर पडली. मनगट मोडल्याचा आवाज पायऱ्यांपर्यंत आला असं लोक नंतर सांगत होते. आवाज आला की नाही ते सोडा, मुलगी मात्र किंचाळली ते सगळ्यांनी ऐकलं.

टेप्याला त्या क्षणी सगळं कळलं. दुसऱ्या कुणाला कळायच्या आधी कळलं. अडखळणाऱ्या पायांकडे बघूनच त्याला दिसलं की जागा कमी पडतेय, आणि कुणाचं पाऊल आखूड पडलं असेल तेही दिसलं.

साहेब तरातरा आले. अंगठ्याएवढी शीर कपाळावर उभी. "हे मांडलं कुणी? टेप्या! प्यायला आहेस?"

शेजारी पंच उभा होता, टोपी हातात घेऊन. टेप्याने त्याच्याकडे बघितलं. सत्त्याऐंशी दिवस ज्याने थेंब घेतला नव्हता, ज्याला ताईची खोली तेरा दिवसांवर होती, तो माणूस म्हणाला, "हो साहेब. प्यालोय."

आता याला काय म्हणावं? कपाळावर हात मारून घ्यावा असंच काम. पंच जमिनीकडे बघत राहिला. 'मी तपासलं नाही' हे शब्द त्याच्याही तोंडून फुटले नाहीत, त्याचं आयतंच निभावलं.

साहेबांनी कागद काढला. एकदा माफ. उद्या सकाळी केंद्रात दाखल व्हायचं. कागदावर ताईचा नंबर होता, तिला फोन गेला. ती धुलाईखान्यातून ओल्या ॲप्रनवरच आली. टेप्या खोलीत खाटेवर बसला होता. तिनं दार लोटलं, वाकली, वास घेतला. सरळ झाली. पुन्हा वाकली.

"कधी प्यालास?"

"सकाळी."

"माझ्या नाकाला शिकवतोस?"

बाहेर ट्रॅकवर मामा टेप घेऊन वाकले होते. एका माणसाला टोक धरायला लावून एकेक अंतर मोजत होते आणि आकडा मोठ्याने सांगत होते. "आठ बावीस!" थोड्या वेळाने पुन्हा, "आठ बावीस!" मग पुन्हा तेच. चौथ्यांदा, पाचव्यांदा. ताई दारात जाऊन उभी राहिली. नऊ अंतरं मोजून झाल्यावर मामा टेप गुंडाळत खोलीपाशी आले.

"ताई, याची गंमत बघा," ते म्हणाले. "प्यालेला माणूस मोजेल तर एक अंतर आठ येईल, एक नऊ येईल, एखादं हर्डल दुसऱ्याच लेनमध्ये जाईल. नऊच्या नऊ सारखी कशी? वीतभर कमी, पण बोटाचा फरक नाही. शुद्धीतल्या माणसाचं काम आहे हे."

"नऊही सारखी?" टेप्याने विचारलं.

आणि मेल्याच्या चेहऱ्यावर, एवढं सगळं झालेलं असताना, क्षणभर समाधान दिसलं! ताईने ते पाहिलं. तिच्या ध्यानात आलं घोडं कुठे अडलंय ते. तिनं खाली वाकून त्याचा डावा बूट ओढून काढला आणि उलटा केला. पुठ्ठ्याची घडी जमिनीवर पडली.

मामा टेप घेऊन बाहेर गेले.

"साहेबांना जाऊन सांग," ताई म्हणाली.

"नको."

"अरे पण का?"

"ताई, पाया पडतो. दारुडा म्हणू देत. दारुडा मी आहेच. पण त्याच्यासमोर... तो दुसरा यायचा, ताई. दर वेळी दुसरा. त्याच्यासमोर मला लंगडा म्हणायला लावू नकोस." टेप्याला रडू फुटलं. केंद्रात रडला नव्हता, रस्त्यावर रडला नव्हता. इथे पोरासारखा रडला.

ताईला त्याची दया आली. मारावंसंही वाटलं. दोन्ही एकदम वाटलं आणि दोन्ही तिनं गिळलं.

"म्हणजे प्यालास असंच सांगायचं. साहेबांना?"

"हो."

"त्या पोरीच्या आईबापांना?"

त्याने पुठ्ठ्याची घडी उचलून खाटेखाली सरकवली.

"आणि मला?"

तो बूट ओढून पायात घालू लागला.

"बरं," ताई म्हणाली. "मग माझ्याही लेखी प्यालास. बारा वर्षं पिऊन 'नाही प्यालो' म्हणालास, ते मी ऐकून घेतलं आणि ताट वाढलं. आता न पिता 'प्यालो' म्हणतोस, तेही ऐकून घेते. पण ताट वाढणार नाही. उद्यापासून एक." आणि ॲप्रनला हात पुसत ती निघून गेली. तिची कामाची पाळी अजून संपली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रात तिला यावं लागलंच. दाखल होणाऱ्यासोबत नात्यातलं माणूस लागतं असा तिथला नियम. लांब खोली, भिंतीला लावलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचा माठ. जुने नवे मिळून चौदा जण गोल करून बसलेले आणि त्यांच्या मागे त्यांचे घरचे. समुपदेशक बाई वहीशिवाय बसल्या होत्या. इथली रीत साधी होती. नव्याने आलेल्याने उभं राहायचं, आपण कोण ते सांगायचं, शेवटचा घोट कधी घेतला ते सांगायचं आणि कशामुळे इथे आलो ते सांगायचं. बाकीच्यांनी मध्ये बोलायचं नाही.

टेप्याच्या आधी एक बसचालक उभा राहिला. थरथरत होता. दोन्ही हात एकमेकांत अडकवून धरले तरी थांबेनात. "काल रात्री," तो म्हणाला. "बायकोला सांगितलं होतं आता नाही घेणार." मागे त्याची बायको भिंतीकडे बघत होती. तो खाली बसला तेव्हा शेजाऱ्याने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मग टेप्याची पाळी. तो उठला. सवयीने उजव्या पायावर उभा राहिला. समोरच्या चौदा माणसांचे हात थरथरत होते, डोळे पिवळे पडले होते, आणि याचे हात सत्त्याऐंशी दिवसांत चांगले स्थिर झालेले. त्या माणसांमध्ये उभं राहून 'काल सकाळी' असं म्हणायचं त्याने रात्रभर पाठ केलं होतं. तोंड उघडलं, आणि बसचालकाच्या हातांकडे बघून ते शब्द काही बाहेर येईनात. इथे ती लबाडी चालेना. ज्याने खरंच काल घेतली होती तो समोर बसला होता.

"शेवटचा घोट घेऊन अठ्ठ्याऐंशी दिवस झाले," टेप्या म्हणाला.

बाईंनी वर बघितलं. "मग इथे कशाला आलात?"

"मी लंगडा आहे," तो म्हणाला. "वीस वर्षं झाली. डावं पाऊल चार बोटं आखूड पडतं. मला ते माहीत होतं आणि मी ते लपवलं. काल टेप असताना पावलांनी मोजलं आणि एका पोरीचा हात मोडला. लंगडा म्हणवून घ्यायला लाज वाटली, म्हणून प्यालो म्हणालो."

मध्ये बोलायचं नाही असा नियम होता, तरी बसचालक म्हणाला, "हात्तिच्या!" दोघंतिघं हसले. टेप्यालाही हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणी.

बाईंनी मागे ताईकडे बघितलं. "खरं आहे का हे?"

"खरं आहे," ताई म्हणाली.

"मग इथे खाट देता येणार नाही," बाई म्हणाल्या. "प्यालेल्यांनाच पुरत नाहीत. आणि हे मला मैदानावर कळवावं लागेल." ते कळवलं म्हणजे काय होणार हे टेप्याला माहीत होतं. घसरलेल्याला माफी होती. शुद्धीत असून पोरीचा हात मोडणाऱ्याला कागदावर माफी लिहिलेली नव्हती. खोली गेली, काम गेलं.

"मीच जाऊन सांगतो," तो म्हणाला. "आधी त्या पोरीच्या घरी जातो, मग साहेबांकडे. तो पंच तिथे असला तरी सांगतो."

ताई उठली. खुर्चीखालची त्याची पिशवी तिनं आपल्या खांद्याला लावली.

"बारा राहिले," ती म्हणाली. "ते घरी काढ. मी बघतेच कसा पितोस ते." आणि दाराशी थांबून मागे वळली. "सावकाश चालू नकोस आता. मला पाळी गाठायचीय."

टेप्या तिच्या मागून भराभर, लंगडत निघाला.